प्याद्यासमोरचं घर : रविवारच्या वर्गासाठी पट बनवताना केलेल्या नोंदी

१ जून २०२५, रविवार

आजपासून सुरू. काम साधं आहे: बुद्धिबळाच्या वर्गात भिंतीवर टांगायचे आठ मोठे पट, प्रत्येकावर फक्त प्यादी. हत्ती, घोडे, उंट, वजीर काहीच नाही. मुलांनी नुसती प्यादी बघून सांगायचं, कोण कुठून चढाई करेल आणि दुसऱ्याने काय धरून ठेवायचं.

कारण मे महिन्यातल्या स्पर्धेत मिळालं. आमच्या वर्गातल्या सहा जणांच्या सगळ्या डावांच्या चिठ्ठ्या घरी आणून मांडल्या. पहिल्या दहा खेळ्या सगळ्यांच्या चांगल्या, पाठ केलेल्या. अकराव्या-बाराव्या खेळीला पेन थांबलेलं दिसतं, मग कुणीतरी एच३ नाहीतर ए३ खेळतं (आधी उभ्या पट्टीचं अक्षर, ए ते एच, मग आडव्या ओळीचा आकडा) आणि तिथून घसरण. विचारलं तर उत्तर एकच, "सर, काय खेळू कळत नव्हतं." ओपनिंग संपली की पटावर वाचायला काही उरत नाही असं त्यांना वाटतं. प्यादी वाचता येत नाहीत म्हणून.

"प्यादी म्हणजे बुद्धिबळाचा आत्मा" हे फिलिडोर या फ्रेंच खेळाडूचं १७४९ सालचं प्रसिद्ध वाक्य बऱ्याच वर्गांच्या भिंतीवर असतं. आमच्या भिंतीवर लावणार नाही. आत्मा वगैरे म्हटलं की मुलं माना डोलावतात आणि पुढच्याच खेळीला आपल्या राजासमोरचं जी-प्यादं पुढे ढकलतात.

४ जून, बुधवार

संध्याकाळी पतसंस्थेतून सुटल्यावर अण्णांच्या शेडवर. ते निवृत्त सुतारकामाचे शिक्षक, लाकूड तेच कापून देणार. ठरलं ते असं: १२ मिलिमीटर प्लाय, त्यावर पातळ जीआय पत्रा, त्यावर पटाचं छापील स्टिकर. घर ७ सेंटिमीटरचं, म्हणजे पट ५६ बाय ५६. प्यादी सनबोर्डची, मागे गोल लोहचुंबक.

अण्णा देशी बुद्धिबळ खेळत वाढले. त्यांच्या घरी प्यादं पहिल्या खेळीलाही एकच घर चालायचं आणि शेवटच्या ओळीत ज्याच्या घरात पोचलं तेच मोहरं व्हायचं. प्याद्याने मात केली, म्हणजे प्यादेमात, तर हरणाऱ्याला आठवडाभर तोंड दाखवायला जागा नसे. मी म्हटलं, अहो, दोन घरं चालायची सोय आली म्हणून तर एन-पासाँ आलं, म्हणजे दोन घरं पळालेल्या प्याद्याला शेजारच्या प्याद्याने ते एकच घर चालल्यासारखं मारणं. ते म्हणाले, "घाई केली म्हणून भुर्दंड." व्याख्या म्हणून वाईट नाही.

शब्दांचं ठरवायचं राहिलंय. वर्गात मुलं "आयसो", "पासर", "डबल पॉन" असंच बोलतात. मी एकटं प्यादं (शेजारच्या पट्ट्यांत सोबती नसलेलं), मोकळं प्यादं (ज्याला अडवणारं समोरचं प्यादं उरलं नाही असं), जोडप्यादी (एकाच पट्टीत एकामागे एक आलेली) असं लिहिणार आणि मुलांना हवं ते बोलू देणार. 'बॅकवर्ड'ला मागासलेलं म्हणवत नाही. मागे राहिलेलं म्हणेन.

८ जून, रविवार

पहिला पट अजून कच्चा, पण वापरला. तीनास तीन. पांढरी प्यादी ए५, बी५, सी५ वर. काळी ए७, बी७, सी७ वर. दोन्ही राजे लांब, उजव्या कोपऱ्यात. पांढऱ्याची खेळी. विचारलं, कोण जिंकेल?

आठ जणांपैकी सहा म्हणाले बरोबरी, "सगळी अडकलीत." एकाने ए६ सुचवलं, मग स्वतःच बी६ म्हणून बंद केलं. पाचवीतला एकजण मागच्या बाकावर बोटांनी हवेत काहीतरी करत होता. तो उठला आणि मधलं प्यादं बी६ वर सरकवलं. सगळे ओरडले, फुकट दिलं! त्याने ऐकलं नाही. ए-प्याद्याने मारलं तर सी६. आता बी७ वाल्याने सी६ मारलं की ए६, आणि ए-प्यादं मोकळं सुटलं. सी-प्याद्याने मारलं तर उलट्या बाजूने तेच: आधी ए६, मग सी६. दोन प्यादी देऊन तिसरं वजीर.

मग मी खेळी काळ्याला दिली. आता वाचव. इथे अर्धा तास गेला. ए६ खेळलं की सी६ ने घात. सी६ खेळलं की ए६ ने घात. शेवटी वर्गातल्या दोघी बहिणींपैकी धाकटीने बी६ शोधलं. ज्या घरात पांढरा घुसणार होता त्याच घरात काळ्याने आधी जाऊन बसायचं. चढाईचं घर आणि बचावाचं घर एकच, फरक फक्त पाळी कुणाची याचा.

हे मी आधी ठरवलेलं नव्हतं, पण वहीत खूण करून ठेवली: बी७ च्या प्याद्याची सगळी गोष्ट त्याच्या समोरच्या घराची होती.

१५ जून, रविवार

उद्या शाळा सुरू, त्यामुळे वर्गात नव्या वह्यांचा वास आणि लक्ष शून्य. तरी दुसरा पट दाखवला: कार्ल्सबाड. हल्लीच्या चेकियात कार्लोवी व्हारी म्हणतात त्या गावातल्या स्पर्धांवरून हे नाव पडलं. क्वीन्स गॅम्बिट या सुरुवातीत सी-प्याद्याने डी५ वर मारामारी झाली की प्याद्यांची ही रचना तयार होते. पांढऱ्याला सी-प्यादं नाही, काळ्याला ई-प्यादं नाही. वजिराच्या बाजूला पांढऱ्याची दोन, ए आणि बी. समोर काळ्याची तीन, ए७, बी७, सी६.

चढाई मात्र दोन वाले तीन वाल्यांवर करतात. बी४, मग बी५. मुलांना हे उलटं वाटतं. आठवीतला मुलगा म्हणाला, "दोघांनी तिघांना मारायला जायचं म्हणजे मार खाणंच की." मी नुसती प्यादी सरकवून दाखवली. बी५ वर येऊन सी६ मारलं, बी७ ने परत मारलं. आता सी६ चं प्यादं बघा. शेजारी बी नाही, डी५ पुढे निघून गेलेलं. सांभाळणारं प्यादं कुणीच नाही आणि सी-पट्टीत पांढऱ्याचे हत्ती थेट समोर. त्याहून वाईट म्हणजे त्याच्या पुढचं सी५. त्या घरातून पांढऱ्याचा घोडा हाकलायला काळ्याकडे प्यादंच राहिलं नाही. बी५ ला काळ्याने उलट सी-प्याद्याने मारलं, तर डी५ एकटं पडतं.

बचाव विचारला तेव्हा शांतता. मग एकीने विचारलं, "काळ्याने आपणच बी५ खेळलं तर?" छान प्रश्न. पांढरं बी-प्यादं बी४ वर आलं की काळा बी५ खेळून ते तिथेच अडवतो. सी६ दुबळं होतं खरं, पण काळ्याचा घोडा सी४ वर जाऊन बसला की पट्टी बंद, सी६ त्याच्या पाठीशी झाकलेलं. हे घोडा वेळेवर तिथे पोचत असेल तरच. नाहीतर नुसतंच भोक. दुसरा मार्ग म्हणजे वजिराच्या बाजूला जे होईल ते होऊ द्यायचं, घोडा ई४ वर आणायचा आणि राजावर चढायचं.

हे सगळं झाल्यावर पाचवीतल्या त्याच मुलाने बोट केलं, "सर, पांढऱ्याची आठ आहेत." मोजली. खरंच. सी२ वर एक प्यादं मी विसरून ठेवलं होतं. पाऊण तास मी ज्या पट्टीला उघडी म्हणत होतो तिच्यात माझंच प्यादं उभं!

१९ जून, गुरुवार

स्टिकर आले. आठही उलटे. उजव्या हाताच्या कोपऱ्यात पांढरं घर हवं, तिथे काळं. दुकानदाराची चूक नाही, फाइल मीच आडवी फिरवून पाठवली होती. ९० अंशांत फिरवून लावले तर अक्षरं उभी राहतात, म्हणून कडेच्या पट्ट्या कापून टाकल्या आणि ए ते एच मार्करने हाताने लिहिलं. दिसायला बरं दिसतं.

दुसरी अडचण लोहचुंबकाची. स्टिकर जाड असल्यामुळे पकड कमी, प्यादी हळूहळू खाली घसरतात. भिंतीवर टांगलेल्या पटावर पांढरी प्यादी वर चालतात, त्यामुळे घसरलेलं पांढरं प्यादं मागे येतं. बुद्धिबळाच्या इतिहासात पहिल्यांदाच. मोठे चुंबक मागवले.

२२ जून, रविवार

एकटं प्यादं. डी४ वर पांढरं, शेजारी सी आणि ई पट्ट्यांत पांढरं काही नाही.

मुलांना काळी बाजू दिली तर सगळ्यांनी एकच केलं: डी४ वर जेवढं म्हणून रोखता येईल तेवढं रोखलं. पांढऱ्यानेही तितकंच राखलं. कोंडी. मग मी मेरानोचा डाव काढला, १९८१, इटली, जगज्जेतेपदाच्या लढतीतला नववा. पांढऱ्याकडून कोर्चनॉय, काळ्याकडून कार्पोव. एकटं प्यादं कोर्चनॉयकडे.

कार्पोवने सुरुवातीला डी४ ला हातच लावला नाही. अकराव्या खेळीला घोडा एच५ वर नेऊन काळ्या घरांचे उंट काढून टाकले. मग घोड्याला घोडा, उंटाला घोडा. एकट्या प्याद्याचा मालक चढाई करतो ती हलक्या मोहऱ्यांच्या, म्हणजे घोडे-उंटांच्या जिवावर. ती गेली की प्यादं नुसतं ओझं. उरलेला घोडा डी५ वर आला, पांढऱ्याने त्याला उंटाने मारलं तेव्हा त्या घरात हत्ती आला, त्याच्या मागे दुसरा. प्याद्यासमोरचं घर काळ्याच्या ताब्यात होतं आणि पांढऱ्याचे वजीर-हत्ती त्या प्याद्याच्या मागे राखणदार. पांढऱ्याने ई५ ला आळा घालायला एफ४ खेळलं, त्यात आपल्याच राजासमोरची भिंत गेली. आणि ३५ व्या खेळीला ई५ आलंच. डी४ च्या प्याद्याने ते मारता येत नाही, कारण मागे डी२ वर स्वतःचा हत्ती उघडा पडतो.

इथे मी फळ्यावर लिहिलं: आधी समोरचं घर, मग प्यादं.

लगेच हात वर. आठवीतला: "सर, पण पांढऱ्याने समोरच्या घरात प्यादंच नेलं तर? डी५?" मला वाटलं होतं हे पुढच्या रविवारी सांगू. पण बरोबर आहे, एकट्या प्याद्याची सगळी चढाई त्याच एका खेळीत असते. डी५ खेळता आलं की मारामारी होते, पट्ट्या उघडतात, पुढे आलेली पांढरी मोहरी मोकळी होतात, आणि प्यादं गेलं तरी कुणी रडत नाही. म्हणजे ज्या घरासाठी काळा धडपडतो त्याच घरासाठी पांढराही. दोघांचा पट एकच, दोघांची वाक्यंही जवळपास तीच.

२९ जून, रविवार

पाऊस. तिघेच आले. वाचनालयाच्या जिन्यात पाणी. पट भिजू नयेत म्हणून सगळे टेबलावर चढवले आणि झटपट डाव खेळलो. मी पाचवीतल्याकडून हरलो. नोंद करण्यासारखं काही नाही. बरं, आहे: मी विचार न करता सी-प्यादं ढकललं आणि त्याने समोर घोडा बसवला.

६ जुलै, रविवार

आषाढी. वर्गाला सुट्टी. साबुदाण्याची खिचडी खाऊन दिवसभर एकच डाव घेऊन बसलो, चौथ्या पटासाठी.

सेंट पीटर्सबर्ग, १९१४. तेव्हाचा जगज्जेता लास्कर पांढरा, क्यूबाचा कापाब्लांका काळा. कापाब्लांका गुणांत पुढे होता, लास्करला हा डाव जिंकायचाच होता, आणि त्याने निवडलं काय तर स्पॅनिश सुरुवातीचा उंटाने घोडा मारणारा एक्स्चेंज प्रकार, ज्यात सातव्या खेळीपर्यंत वजीर निघून जातात. या रचनेत पांढऱ्याची राजाच्या बाजूला चारास तीन प्यादी. काळ्याची वजिराच्या बाजूला संख्या जास्त, पण सी-पट्टीत जोडप्यादी, म्हणून तिथून मोकळं प्यादं काढणं कठीण. सगळी मोहरी काढून टाकली तर पांढरा जिंकतो असं कुठल्याही वर्गात शिकवतात. बदल्यात काळ्याला दोन उंट.

बारावी खेळी: एफ५.

पहिल्यांदा पाहिली तेव्हा मला ही चूकच वाटली होती. चार प्याद्यांनी मिळून ई५ खेळायचं, ही त्या बहुमताची सगळी योजना. एफ५ खेळलं की ई४ चं प्यादं मागे राहतं आणि त्याच्या समोरचं ई५ हे घर काळ्याला आंदण. माझ्या फळ्यावरच्या वाक्याप्रमाणे लास्करने इथे हरायला हवं.

पण एफ५ ने दुसरंही एक घर उघडतं: ई६. काळ्याने अकराव्या खेळीला एफ६ खेळून ते आधीच सैल केलेलं. आता ते एफ५ च्या प्याद्याच्या राखणीत. चार खेळ्यांनी लास्करचा घोडा डी४ वरून ई६ मध्ये शिरला आणि तिथे असा बसला की काळ्याच्या दोन्ही हत्तींना धड पट्टी मिळेना. काळ्याला मिळालेलं ई५ चं घर? तिथे नेऊन बसवायला मोहरंच वेळेवर पोचलं नाही. दोन घरं एकमेकांना दिली-घेतली, एकाने वापरलं, दुसऱ्याचं तसंच पडून राहिलं.

सगळ्यात आवडलेली खेळी मात्र ३५ वी. ई५! तेच घर. काळ्यासाठी मोकळं सोडलेलं ते घर लास्करने आपल्याच प्याद्याने भरलं. प्यादं फुकट गेलं, डी६ वाल्याने मारलं, पण ई४ रिकामं झालं आणि तिथे दुसरा घोडा आला. बेचाळिसाव्या खेळीला कापाब्लांकाने डाव सोडला. स्पर्धा लास्करने अर्ध्या गुणाने जिंकली, साडेतेरा विरुद्ध तेरा.

मुलांना हे कसं सांगायचं? वाक्य पुसायचं नाही. त्याच्याखाली दुसरी ओळ लिहायची: तुझं घर तू वापरणार आहेस का?

१३ जुलै, रविवार

साखळी, म्हणजे एकमेकांना तिरकं राखणारी प्यादी. फ्रेंच बचाव या सुरुवातीतली: पांढरी डी४-ई५, काळी डी५-ई६.

आज माझं आवडतं वाक्य साफ आपटलं. ई५ च्या समोरचं घर कुठलं? ई६. तिथे काळ्याचंच प्यादं. डी४ च्या समोर? डी५, तेच. समोरासमोर ठोकलेली, घर शिल्लकच नाही. मुलांनी टाळ्या वाजवल्या.

साखळीला मूळ, म्हणजे तिचं मागचं प्यादं बघावं लागतं. पांढऱ्याचं मूळ डी४, म्हणून काळा सी५ खेळतो, मग घोडा सी६, वजीर बी६, जमलं तर दुसरा घोडा एफ५, सगळे त्या एका प्याद्याकडे. काळ्याचं मूळ ई६, म्हणून पांढऱ्याच्या डोक्यात एफ५ असतं. शेंड्यावर एफ६ खेळूनही मारता येतं, पण त्यात ई६ उघडं पडतं. साखळी ज्या बाजूला तिरकी वळलेली असते तिकडे तिच्या मालकाची चढाई, एवढं मुलांनी पटकन उचललं. किंग्ज इंडियन ही दुसरी सुरुवात पाच मिनिटांत दाखवली: पांढरा सी५, काळा एफ४-जी५-जी४, दोघे एकमेकांकडे पाठ करून पळतात. धावण्याची शर्यत म्हटल्यावर जास्त समजवावं लागलं नाही.

२० जुलै, रविवार

आइसलंडमधलं रेक्याविक, २३ जुलै १९७२, फिशर-स्पास्की जगज्जेतेपदाच्या लढतीतला सहावा डाव. तारीख तीन दिवसांवर आली म्हणून हाच. नेहमी राजासमोरचं प्यादं ढकलणाऱ्या फिशरने सी४ ने सुरुवात केली आणि डाव क्वीन्स गॅम्बिटमध्ये गेला.

स्पास्कीकडे सी५-डी५ ही जोडी. शेजारी बी किंवा ई पट्टीत आधार नाही, म्हणून यांना लटकती म्हणतात. (पुढे ई६ वर घोड्याला एफ-प्याद्याने मारल्यावर थोडा आधार आला.) जोवर शेजारी-शेजारी आहेत तोवर ती चार घरं धरतात आणि समोरच्याला धाक असतो. विसाव्या खेळीला फिशरने ई४ खेळून प्रश्न विचारला. मी पट तिथे थांबवला आणि मत घेतलं. मारू? पुढे जाऊ? राहू? पाच जणांनी डी४. "सर, राखलेलं मोकळं प्यादं मिळतंय!"

स्पास्कीनेही तेच खेळलं. आता समोरची घरं बघा म्हटलं. सी५ च्या समोर सी४. तिथे येणाऱ्याला हाकलायला काळ्याचं प्यादं उरलं नाही. २३ व्या खेळीला पांढरा उंट तिथे बसला, तिरका ई६ वर. डी४ चं मोकळं प्यादं पुढे सरकूच शकत नाही. आणि पांढऱ्याची ई आणि एफ प्यादी? त्यांना अडवणारं कुणी नाही. एफ४, ई५, एफ५. मग हत्ती एफ-पट्टीत, ३८ व्या खेळीला हत्ती देऊन एफ६ वरचा घोडा खाल्ला, ४१ ला स्पास्कीने डाव सोडला. लढत साडेतीन-अडीच झाली, फिशर पहिल्यांदाच पुढे. प्रेक्षकांबरोबर स्पास्कीनेही टाळ्या वाजवल्या होत्या, हे सांगितल्यावर दोघी बहिणींपैकी थोरली म्हणाली, "मी नसत्या वाजवल्या."

२८ जुलै, सोमवार

आज कुणी प्याद्यांबद्दल बोलणार नाही. जॉर्जियात बातुमीला नागपूरच्या दिव्या देशमुखने महिला विश्वचषक जिंकला, टायब्रेकमध्ये कोनेरू हंपीला हरवून. एकोणीस वर्षांची पोरगी, आणि याच विजयाने ग्रँडमास्टरही. पतसंस्थेत वसुलीची यादी उघडी ठेवून मोबाइलवर डाव बघितला, साहेबांनीही येऊन खुर्ची ओढली. त्यांना घोडा कसा चालतो एवढंच माहीत. संध्याकाळी दोघी बहिणींच्या आईचा फोन, "सर, वर्ग आठवड्यातून दोनदा घेता का?"

३ ऑगस्ट, रविवार

सातवा पट. याची वाट मीच बघत होतो. हॉलंडमधली आव्रो स्पर्धा, १९३८, बोटविनिक पांढरा, कापाब्लांका काळा.

निम्झो-इंडियन सुरुवात. काळ्याने सी३ वर उंट देऊन पांढऱ्याला तिथे प्याद्याने मारायला लावलं. चौदाव्या खेळीला कापाब्लांकाने सी५ चं प्यादं सी४ वर नेलं. हेतू साफ: बी३ चं घर घट्ट झालं, घोडा बी८, सी६, ए५ असा फिरून बी३ वर जाणार आणि ए४ चं प्यादं पडणार. पडलंही. पण सी५ वरून डी४ वर जो दाब होता तो त्याच खेळीत गेला. दाब गेला की पांढऱ्याला एफ३ आणि ई४ खेळायला मोकळीक. ई५, एफ४, एफ५, रांगेने. एफ५ ने एक-दोन मारामाऱ्या झाल्या, हत्ती निघून गेले आणि पांढऱ्याचं प्यादं ई६ वर येऊन उभं राहिलं.

तिसाव्या खेळीआधी पट थांबवला. ई६ च्या समोर ई७, तिथे काळ्याचा वजीर. विचारलं, हे प्यादं पुढे कसं जाईल?

कुणी घोडा सुचवला, कुणी वजीर जी५. पाच मिनिटं कुणी बी२ च्या उंटाकडे बघितलंच नाही. बघण्यासारखा नव्हताच तो. आपल्याच सी३ आणि डी४ च्या मागे डाव भर कोंडलेला. मी बोट ठेवलं तेव्हा पाचवीतला हळूच म्हणाला, "ए३?" आणि स्वतःच घाबरला, कारण ए३ वर वजीर त्याला सरळ खातो.

खाऊ दे. खायला गेला म्हणजे ई७ सोडलं. मग घोडा एच५ वर शह देत स्वतःला देतो, वजीर जी५, एफ६, आणि प्यादं ई७ वर. पुढे काळ्याचे शहांवर शह, पांढरा राजा एफ२, जी३, एच४ करत एच५ पर्यंत चालत जातो, शह संपतात, डाव ४१ व्या खेळीला संपतो. उंट दिला, घोडा दिला, एका घरासाठी.

शेवटी थोरली पटाजवळ गेली आणि बी३ वर बोट ठेवून म्हणाली, "हा घोडा अजून इथेच आहे?" आहे. अठराव्या खेळीला आला, शेवटपर्यंत हलला नाही. ए४ चं प्यादं खाताना कामाला आला, त्यानंतर लढाई दुसरीकडे गेली. तेव्हापासून वर्गात "बी३ चा घोडा" ही शिवी झाली आहे.

१० ऑगस्ट, रविवार

काल तालुक्याला स्पर्धा होती. थोरली पाचपैकी साडेतीन. हरलेला डाव तिने आज स्वतःहून आणला. माझ्यामुळे हरली असं म्हणायला जागा आहे.

पांढरी होती. काळ्याचं डी५ एकटं पाडलं. घोडा डी४ वर बसवला, अगदी आपण शिकवलं तसं. आणि मग त्या घोड्याला हात लावायला तयारच नाही! एकोणिसाव्या खेळीपासून काळ्याने हत्ती ई८ वरून ई५ वर, तिथून एच५ वर नेला, डी६ चा उंट एच२ कडे रोखून उभा होताच, वजीर आला आणि राजा संपला. मी विचारलं, हत्ती ई५ वर आला तेव्हा काय मनात होतं? "डी४ सोडायचं नाही." घोडा एफ३ वर परत नेला असता तर ई५ चा हत्ती मारात आला असता, एच२ ही राखलं गेलं असतं.

धाकटीने लगेच टोमणा मारला, बी३ चा घोडा. थोरलीच्या डोळ्यांत पाणी. वर्ग दहा मिनिटं आधी सोडला.

फळ्यावरचं माझं वाक्य खोटं नाही, पण मी ते मोठ्या अक्षरात लिहिलं होतं. समोरचं घर धरून काय करायचं, हे लहान अक्षरातही लिहिलेलं नव्हतं.

१६ ऑगस्ट, शनिवार

नवे चुंबक लावून झाले, प्यादी आता हलत नाहीत. पटांच्या पाठीमागे त्या त्या डावाच्या खेळ्या चिकटवल्या. अण्णांनी कडांना पॉलिश केलं. मजुरी घ्यायला तयार नाहीत, शेवटी दोन किलो गूळ नेऊन दिला. आठव्या पटावर काय ठेवायचं ते ठरत नाही. दगडी भिंत (स्टोनवॉल ही प्याद्यांची रचना) घ्यावी असं मनात होतं. काढलं. मुलांना ई५ च्या भोकाबद्दल आणखी एक भाषण नको.

२४ ऑगस्ट, रविवार

बुधवारी गणपती. उद्यापासून हॉल मंडळाच्या सामानाला देणार, म्हणून पट आज अण्णांच्या शेडवर हलवायचे. सात गुंडाळून झाले. आठवा रिकामाच भिंतीवर होता.

थोरली आली. मला वाटलं होतं या रविवारी येणार नाही. डब्यातून प्यादी काढून तिने न विचारता लावायला सुरुवात केली: पांढरी ए२, बी२, ई३, एफ२, जी२, एच२. काळी ए७, बी७, डी५, एफ७, जी७, एच७. मग खिशातून कागदाचा घोडा काढला, मागे चुंबक चिकटवलेला, आणि डी४ वर लावला. ई५ वर तसाच एक कागदी हत्ती. बाकीच्यांकडे वळून म्हणाली, "पांढऱ्याची खेळी."

पाचवीतला म्हणाला, "घोडा एफ३."

"मग डी४ रिकामं."

"असू दे."

"तो डी५ चं डी४ खेळेल."

"खेळू दे, हत्ती तर गेला," तो म्हणाला, आणि घोडा काढून एफ३ वर नेऊन लावला. अण्णा दारात उभे होते. टेम्पोवाला खालून हॉर्न वाजवत होता.